बोलक्या टॅबवर मूल किती बोलतं, हे मोजायचं कसं?

प्रश्न: मुलगा अकरा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. तोंडानं दोन-तीनच शब्द येतात, ऐकू नीट येतं, समज चांगली आहे. आम्ही कागलजवळ राहतो, शाळा कोल्हापुरात, विशेष मुलांची. वर्षापूर्वी टॅबवर चित्रांचं ॲप घालून घेतलं, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. शाळेच्या अहवालात ‘८० टक्के चित्रे अचूक ओळखतो’ असं आलंय. घरी मात्र पाणी, टीव्ही आणि बाथरूम ही तीनच बटणं दाबतो. मिस्टर म्हणतात, पैसे वाया गेले. सासूबाईंना वाटतं, टॅबमुळं आहे तेवढंही बोलणं जाईल. प्रगती आहे की नाही हे नक्की कशावरून ठरवायचं? त्याची काही टेस्ट असते का?

उत्तर:

ताई, शाळेचा आकडा खोटा नाही आणि तुम्ही घरी बघताय तेही खोटं नाही. दोन्हीकडं वेगळ्याच गोष्टी मोजल्या जातायत, म्हणून मेळ बसेना झालाय. शाळेत बाई म्हणतात, “कुत्रा दाखव बघू.” तो दाखवतो. कुत्रा कुठल्या चौकोनात आहे हे बाईंना आधीच माहीत असतं. चित्रांची ओळख तपासायला ही रीत ठीक आहे, पण त्यात कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं. संवाद मोजायला बसलं की मी आधी एवढंच बघते: समोरच्याला माहीत नव्हतं असं काही मुलानं त्याच्यापर्यंत पोचवलं का? किंवा त्याला हसवलं, बोलावलं, थांबवलं, चिडवलं का? यातलं काहीच नसेल तर तो प्रसंग मी मोजणीत धरत नाही, मग बटण कितीही अचूक दाबलेलं असू दे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली अपंगत्वाचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारलं, त्यात हा फरक नीट मांडलाय. शांत, ठरावीक परिस्थितीत माणसाला काय जमतं ती त्याची क्षमता. आहे त्या घरात, आहे त्या माणसांत तो रोज प्रत्यक्ष काय करतो ती कामगिरी. शाळेचे ८० टक्के क्षमतेच्या बाजूला जातात, तुमची तीन बटणं कामगिरीच्या. या दोहोंत एवढं अंतर दिसलं की माझा पहिला संशय मुलावर जात नाही. घर, टॅबची जागा, ॲपमधले शब्द आणि आसपासची माणसं यांच्यावर जातो.

म्हणून टेस्टच्या आधी एक आकडा काढा. मुलगा जागा असतो त्या तासांपैकी किती तास टॅब चालू असतो, त्याच्या हाताच्या टप्प्यात असतो आणि त्यावर तेच ॲप उघडं असतं? आठवडाभर खरं खरं लिहा. माझ्याकडं कोल्हापुरात राजारामपुरीत थेरपीला येणाऱ्या बऱ्याच घरांत टॅब कपाटावर असतो, “पडला तर फुटंल” म्हणून. नाहीतर चार्जिंगला लावलेला असतो, नाहीतर त्यावर धाकट्याचं कार्टून चाललेलं असतं. ज्याच्या हाताशी टॅब दोन तास असतो त्यानं दिवसभर का बोललं नाही, असं विचारण्यात अर्थ नाही. सेरेब्रल पाल्सी असल्यामुळं बसणंही बघा. पाय टेकलेले नसतील, कंबरेला आधार नसेल तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि बोटाचा नेम चुकतो. इथं “हे दाखव, ते दाखव” ही परीक्षा उपयोगाची आहे: माहितीतल्या दहा चित्रांवर बोट ठेवायला सांगा आणि किती वेळा शेजारचं बटण लागतं ते बघा. सकाळी एकदा, शाळेतून दमून आल्यावर एकदा. फार चुकत असेल तर बटणं मोठी करावी लागतील, टॅब स्टँडवर तिरका ठेवावा लागेल किंवा वर खाचांचं प्लास्टिक बसवावं लागेल, ज्याला आम्ही कीगार्ड म्हणतो. हाताची अडचण भाषेच्या खात्यावर टाकून पुढं गेलं की पुढची सगळी मोजणी फसते.

आता त्या तीन बटणांबद्दल. तोंडी बोलण्याला पर्यायी साधनांच्या क्षेत्रातल्या संशोधक जॅनिस लाइट यांनी १९८८ साली माणसं बोलतात ती कशासाठी, याचे चार हेतू मांडले: गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक साधणं आणि रीतभात पाळणं. पाणी, टीव्ही, बाथरूम ही तिन्ही पहिल्याच हेतूत बसतात. पण याचा अर्थ तुमच्या मुलाला फक्त गरजाच सांगायच्या असतात असा काढू नका. आधी ॲप उघडून बघा की बाकीच्या तीन हेतूंसाठी तिथं त्याला काय मिळतं. बहुतेक ठिकाणी भाज्या, फळं, प्राणी, रंग, वाहनं अशी पानंच्या पानं भरलेली असतात, आणि ‘का?’, ‘कुठं?’, ‘परत’, ‘संपलं’, ‘भारी’, ‘गप्प बस’, ‘चुकलं, मला तसं म्हणायचं नव्हतं’ यातलं एकही नसतं. वांग्याचं चित्र दाबून तो तुमच्याशी काय बोलणार?

पेठेतला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडं येतो. घर पाटाकडील या इथल्या फुटबॉल संघाचं कट्टर. ॲपमधल्या ‘खेळ’ पानावर बॅट, बॉल, बाहुली आणि घसरगुंडी. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू झाला की घरात दुसरा विषय नसतो आणि हा मध्ये बसून नुसता ऐकत असायचा. त्याच्या थोरल्या भावानं एका संध्याकाळी बसून स्वतःच्या आवाजात बटणं भरली: ‘गोल!’, ‘कोण जिंकलं?’, ‘रेफ्री आंधळा हाय’, ‘पाटाकडील’, ‘दिलबहार’, ‘खंडोबा’, ‘प्रॅक्टिस’ ही संघांची नावं, ‘जाऊ दे, पुढच्या मॅचला बघू’. त्या सीझनला त्यानं आपणहून काढलेली बोलणी थेरपीच्या खोलीत मला कधी मिळाली नव्हती. मुलगा तोच, समज तीच, टॅब तोच. आधीच्या वहीत मात्र ‘आपणहून संवाद सुरू करत नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि ते वाचणाऱ्याला वाटणार की उणीव मुलातच आहे. म्हणून मोजणीच्या कागदावर मी वरच्या बाजूला त्या दिवशी ॲपमध्ये कोणते शब्द होते ते लिहूनच ठेवते. तुम्हीही पानांचे स्क्रीनशॉट तारीख घालून ठेवा.

आता मोजायचं कसं. मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा, वीसेक मिनिटांचे. एक घरच्यांबरोबर, जेवणाच्या किंवा चहाच्या वेळी; दुसरा त्याला आवडणाऱ्या माणसाबरोबर, आतेभाऊ असेल, शेजारचा मित्र असेल. फोन फडताळावर टेकवून ठेवा, हातात धरू नका. हातात धरला की सगळे कॅमेऱ्यासाठी बोलायला लागतात. पहिली पाच मिनिटं सोडून द्या. मग दोनशेपानी वही घ्या आणि मुलाची प्रत्येक ‘पाळी’, म्हणजे बोलण्यात त्यानं एकदा सांगितलेलं जे काही असेल ते, एका ओळीत उतरवा. रकाने पाचच: बोलणं कुणी सुरू केलं, मुलानं कशानं सांगितलं, कशासाठी सांगितलं, समोरच्याला कळलं का, मदत किती लागली.

माझ्या वहीतले दोन तुकडे देते, नावं काढून.

पहिला:
आई: काय पाहिजे? (एक सेकंद) दूध? का पाणी?
मुलगा: ‘पाणी’.
आई: शाब्बास!

दुसरा, त्याच घरातला, काही आठवड्यांनंतरचा:
आई स्वतः टॅबवर ‘आज’, ‘शाळा’ दाबते आणि गप्प बसते. चौदा सेकंद शांतता. मुलगा दाराकडं बघतो.
मुलगा: ‘गाडी’. ‘नाही’.
आई: गाडी आली नव्हती?
मुलगा मान हलवून ‘नाही’ म्हणतो. मग: ‘काका’. ‘नाही’.
आई: गाडीवाले काका नव्हते? दुसरंच कोणीतरी होतं?
मुलगा हसतो, तोंडानं “आँ” करतो.

शाळेच्या पद्धतीनं दोन्ही तुकडे शंभर टक्के अचूक आहेत. रकाने भरून बघा, मग फरक दिसतो. पहिल्यात आईच्या दोन पाळ्या आणि मुलाची एक. उत्तरही आईनं पुढं ठेवलेल्या दोहोंतून उचललेलं. ‘काय पाहिजे?’ नंतर एका सेकंदात दुसरा प्रश्न आला, म्हणजे त्याला बोट उचलायलाही उसंत नव्हती. दुसऱ्यात चार बटणं, एक नजर, एक मान, एक आवाज, आणि घरात कुणालाच माहीत नसलेली बातमी. नजर आणि मान यांचीही ओळ लिहायची. तो पंख्याकडं बघतो आणि तुम्ही पंखा लावता, तर तोही संवादच. टॅबचीच बटणं मोजली तर मूल निम्मं मोजलं जातं. आणि जे काम नजरेनं झटक्यात होतंय ते टॅबवरच करून दाखव असा आग्रह धरणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही.

त्या दुसऱ्या तुकड्यात माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची जागा ‘गाडी आली नव्हती?’ नंतरची आहे. आईला चुकीचं कळलं. बरीच मुलं इथं सोडून देतात, काही तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात, काही रडतात. या मुलानं आधी नकार दिला आणि मग दुसरा शब्द शोधून वाट काढली. १९८९ मध्ये लाइट यांनी संवादाच्या सक्षमतेचे चार भाग सांगितले: भाषेचं ज्ञान, साधन हाताळणं, समाजात वागणं आणि अडलं की युक्ती काढणं. अहवालांत पहिल्या दोहोंना जागा मिळते, चौथ्याला क्वचित. मला एकच गोष्ट मोजायची मुभा दिली तर मी ही मोजीन: गैरसमज झाला तेव्हा मुलानं पुढं काय केलं, आणि दहातल्या किती वेळा तो सोडून न देता आपल्या अर्थापर्यंत पोचला.

मदतीच्या रकान्यात पायऱ्या ठरवून घ्या: आपणहून, आपण नुसतं थांबून त्याच्याकडं बघितल्यावर, टॅबकडं बोट दाखवल्यावर, शब्द तोंडानं सांगितल्यावर. हात धरून दाबून घेतलेलं बटण मुलाच्या खात्यावर अजिबात धरू नका. दुसऱ्यानं हात किंवा मनगट धरून अक्षरं-चित्रं निवडायची पद्धत निघालेली आहे, आणि त्यात निघणारे शब्द हात धरणाऱ्याचे असतात असं प्रयोगांत दिसून आलंय. ती वापरू नये असं अमेरिकेच्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीरच केलं. शाळेत कुणी “बघा, किती लांब वाक्य केलं त्यानं” म्हणून दाखवलं, तर हात कुणाचा होता ते विचारा.

एक व्हिडिओ तुमच्याबरोबर दुसऱ्या कुणालातरी स्वतंत्रपणे लिहायला द्या, कॉलेजातली पुतणी-भाची कुणीही चालेल. दोन वह्यांत फार तफावत आली तर ‘आपणहून’ म्हणजे काय हे तुमच्यात ठरलेलं नाही. आधी ते ठरवा, मग पुढं मोजा.

वेगाबद्दल लोक फार विचारतात. आपण गप्पा मारताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. साधनावर एकेक शब्द निवडून बोलणाऱ्या बहुतेकांचा वेग मिनिटाला पंधराच्या आत असतो, कितीतरी जणांचा त्याहून बराच कमी. ही दरी सरावानं बुजत नाही. म्हणून वेग मुलाला गुण द्यायला मोजू नका, साधन दुरुस्त करायला मोजा. काही ॲपमध्ये प्रत्येक निवडीची वेळ आपोआप नोंदवायची सोय असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कात्या हिल आणि बॅरी रोमिच यांनी अशा नोंदींवरून कामगिरी मोजायची रीत घालून दिली: कुठला शब्द, किती वाजून किती सेकंदांनी, आणि चित्रानं निवडला की स्पेलिंग करून. तुमच्या ॲपमध्ये सोय नसेल तर व्हिडिओवरून हातानंही लिहिता येतं. नोंद अशी दिसते:

१८:४२:०७ ‘उद्या’
१८:४२:१५ ‘आजी’
१८:४२:२१ ‘गाव’
१८:४२:४० ‘नको’

तेहतीस सेकंदांत चार शब्द, म्हणजे मिनिटाला सातच्या आसपास. आकडा इथंच सोडला तर तो निरुपयोगी आहे. मधल्या फटी बघा: आठ, सहा आणि मग एकोणीस. ‘नको’ला एकोणीस सेकंद का लागले? विचार करत होता, मध्ये कुणी बोललं, की ‘नको’ तीन पानं मागं दडलेलं होतं? नोंद हे सांगत नाही, व्हिडिओ सांगतो. बटण दडलेलं निघालं तर ते पहिल्या पानावर आणायला दोन मिनिटं लागतात, आणि पुढच्या मोजणीत ती फट आटते. मुलानं काहीच नवं न शिकता कामगिरी सुधारली. यात फसवाफसवी काही नाही, हेच काम आहे.

या नोंदींच्या दोन खोडी माहीत असू द्या. ‘माझं नाव अमुक, मी कागलला राहतो’ असं आधी भरलेलं वाक्य एका बोटात येतं. ते धरून सरासरी काढली की वेग भलताच चढलेला दिसतो. हिल यांचा आग्रह असा की, माणसानं त्या क्षणी स्वतः जुळवलेलं बोलणं वेगळं काढा आणि भाषेची मोजणी त्यावर करा. तयार वाक्यं वाईट नाहीत, रस्त्यात कुणी नाव विचारलं तर तीच उपयोगी पडतात. फक्त दोन ढीग वेगळे ठेवा. दुसरी खोड अशी की टॅबला बोट कुणाचं होतं ते कळत नाही. तुम्ही दाबलेलं, धाकट्यानं गंमत म्हणून दाबलेलं, सगळं मुलाच्याच नावावर चढतं.

पुढं तो अक्षरं जुळवून लिहू लागला, आणि अकराव्या वर्षी त्याला अक्षरओळख शिकवायलाच हवी, तर शब्द सुचवणारा कीबोर्ड येईल. तो लावला की वेग वाढतोच असं धरून चालू नका. हायडी कोस्टर आणि सायमन लेव्हिन यांनी १९९० च्या दशकात हे तपासलं होतं: दाबायची बटणं कमी होतात, पण सुचवलेली यादी वाचण्यात जाणारा वेळ ती बचत खाऊन टाकू शकतो. देवनागरीत बटणं तशीही जास्त लागतात. ‘कोल्हापूर’ लिहायला काना, मात्रा, हलन्त धरून इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर नऊ वेळा बोट ठेवावं लागतं. त्यामुळं फायदा होईलही. त्याच्याकडूनच तीच चार वाक्यं एकदा यादी चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून लिहून घ्यायची आणि घड्याळ बघायचं.

नोंद चालू करण्याआधी मुलाला सांगा आणि त्याची संमती घ्या. दिवसभरात तो जे जे बोलला ते सगळं त्यात राहतं, चिडून दिलेली शिवीसुद्धा. अकरा वर्षांच्या मुलाला आईनं न वाचावं असं काही बोलायचा हक्क आहे. ठरलेल्या वेळेपुरतीच नोंद चालू ठेवा, बाकी बंद.

वाक्याची लांबी मोजायची असेल तर मराठीत जपून. मुलांच्या वाक्याची सरासरी लांबी मोजायची पद्धत रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून रूढ केली. आपल्याकडं प्रत्यय शब्दाला चिकटतात: ‘आजीकडे जाऊया’ हे दोनच शब्द, आणि चित्रांवरून जुळवलेलं ‘आजी घर जा’ हे तीन. शब्द मोजले तर अशुद्ध वाक्य जास्त गुण मिळवतं. त्यातून बरीच ॲप इंग्रजी साच्यावर मराठी शब्द बसवून केलेली असतात. ‘मी’ आणि ‘पाहिजे’ ही बटणं असतात, ‘मला’ नसतंच. मूल ‘मी पाहिजे पाणी’ म्हणालं तर ती चूक ॲपची. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीत आहे, ते एकदा शेजारी ठेवून बघा आणि तुमच्या ॲपमध्ये ‘मला’, ‘तुला’, ‘-कडे’, ‘-त’ मिळतात का ते तपासा. मिळत नसतील तर व्याकरणाचा रकाना कोरा सोडा. आणि इंग्रजी तक्त्यांशी तुलना नकोच. मार्चमधल्या त्याची तुलना जूनमधल्या त्याच्याशी.

आता थोडं तुमच्या घराबद्दल, राग मानू नका. आपल्याकडं एकत्र घरात चार माणसं एकदम बोलतात, उत्तरही तीच देतात. व्हिडिओवरच मोठ्यांचीही मोजणी करा: विचारल्यावर किती सेकंद थांबलात, किती प्रश्न हो-नाहीचे होते, मुलाशी बोलताना मोठ्या माणसानं स्वतः किती वेळा टॅबवर बोट ठेवलं. शेवटचा आकडा बहुतेक घरांत शून्य येतो. आपण मुलाशी जी भाषा बोलतो ती ते उचलतं. टॅबची भाषा घरात कुणीच बोलत नसेल तर त्यानं ती कुणाची ऐकून शिकायची? वर दिलेल्या दुसऱ्या तुकड्यात आईनं ‘आज’, ‘शाळा’ दाबलं, ते यासाठीच. दिवसातून जेवताना तरी प्रत्येकानं दोन-चार शब्द टॅबवर बोलायचे, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता.

परक्या माणसाबरोबर काय होतं हेही बघायला हवं. २०११ मध्ये मेरी जो कूली हिडेकर आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीसाठी संवादाच्या पाच पातळ्या प्रसिद्ध केल्या. त्यांचा आधारच हा आहे: ओळखीच्यांशी जमतं का, अनोळखी माणसाशी जमतं का, सांगणं आणि समजणं दोन्ही चालतं का. टॅब, खुणा, नजर सगळं त्यात धरलं जातं. पहिल्या पातळीचा माणूस कुणाशीही सहज बोलतो, पाचव्या पातळीवर घरच्यांशीही क्वचितच जमतं. तुमचं वर्णन वाचून मुलगा मधे कुठंतरी वाटतो, पण बघितल्याशिवाय मी पातळी सांगणार नाही. आणि दर तीन महिन्यांनी ती बदलली का म्हणून बघू नका. मुलं कुठं आहेत हे ढोबळपणे सांगायला ती आहे, बारीक प्रगती तिच्यात दिसत नाही.

अनोळखी माणसाची चाचणी दुकानात घ्या. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळेच्या गाड्यापाशी उभं राहून ‘एक भेळ, तिखट कमी’ एवढंच सांगायचं. एका मुलीबरोबर मी हे केलं तेव्हा तिनं दोन्ही बटणं बरोबर दाबली आणि भेळवाल्याला काहीही कळलं नाही. मावळतीचं ऊन स्क्रीनवर पडलेलं, मागं गाड्यांचे हॉर्न, टॅबचा आवाज तिच्या मांडीपलीकडं जाईना. अचूकता पूर्ण आणि कामगिरी शून्य. पुढच्या वेळी टॅबला छोटा स्पीकर जोडला, शिवाय गळ्यात लॅमिनेट केलेला चित्रांचा कागद अडकवला. तिनं शेवटी तो कागदच वापरला. भेळवाल्यालाही तोच सोयीचा पडला, त्यानं आपलं बोट ठेवून ‘कांदा?’ विचारलं.

ध्येय ठरवायला मला १९६८ सालची एक जुनी पद्धत आवडते, किरेसुक आणि शर्मन यांची. एकच ध्येय घ्यायचं आणि आधीच पाच पायऱ्या लिहून ठेवायच्या, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. तुमच्यासाठी नमुना: शाळेतून आल्यावर आजीला शाळेतली एक गोष्ट सांगणं. उणे दोन: आत्ता आहे तसं, विचारलं तरी फक्त हो-नाही. उणे एक: आजीनं टॅबवर ‘शाळा’ दाबून वाट बघितली तर आठवड्यातून एकदा एखादा शब्द. शून्य, म्हणजे तीन महिन्यांत अपेक्षित: तेवढ्याच मदतीवर आठवड्यातून तीनदा. अधिक एक: आजीनं काही न करता, तीनदा. अधिक दोन: आपणहून, आणि आजीला कळलं नाही तर दुसऱ्या शब्दानं समजावून. पायऱ्या आधी लिहायच्या, नंतर जे झालं त्याला सोयीचं ध्येय चिकटवायचं नाही. तीन महिन्यांनी मोजताना वेळ तीच, माणसं तीच, जागा तीच.

ध्येय मुद्दाम आजीचं घेतलंय. सासूबाईंची भीती बऱ्याच घरांत असते, तिच्यावर अभ्यास झालेला आहे. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी अशी साधनं दिल्यावर एकाचंही तोंडी बोलणं कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. थोडंफारच, हेही त्यांना सांगा, म्हणजे उगाच आशा लागायची नाही. तोंडानं येणारे ते दोन-तीन शब्द वहीत वेगळे लिहीत जा, त्यांना स्वतःच दिसेल.

मिस्टरांना व्हिडिओ दाखवा, आकडे नंतर. आणि त्यांनी टॅब परत करायचा विषय काढला, तर आधी हाताच्या टप्प्यातल्या तासांचा कागद पुढं ठेवा.

मुलालाही विचारा, पण तुम्ही नाही. मावशी किंवा शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी विचारू दे. ‘टॅब आवडतो का?’ याला सगळी मुलं हो म्हणतात. ‘कुणाशी बोलायला टॅब बरा पडतो?’, ‘कुणाशी नको वाटतो?’, ‘कुठला शब्द पाहिजे आणि मिळत नाही?’ असं विचारावं, उत्तरासाठी घरातल्यांचे फोटो आणि ‘यातलं काही नाही’ असं एक बटण देऊन. घरातल्या एखाद्या फोटोवर ‘नको’ आलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

थेरपिस्टकडं जाल तेव्हा त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का ते विचारा, आणि वही, दोन व्हिडिओ, स्क्रीनशॉट बरोबर न्या. शाळेत वैयक्तिक आराखड्याची बैठक असेल तेव्हा ८० टक्क्यांच्या ओळीवरून वाद घालू नका, राहू दे ती. बाईंना तिच्याखाली आणखी एक ओळ वाढवायला सांगा: ‘या आठवड्यात त्यानं आपणहून कुणाला काय सांगितलं, आणि ते बाईंना आधी माहीत होतं का.’